पोयसरची वर्गणी

"दहा वर्षांनी तू कुठे असशील रे?"

वर्गातल्या निधीने पैजच लावली होती – सोसायटीच्या गेटपाशी टेबल टाकून बसलेल्या त्या मुलाला हे विचारायचं. मी, श्रुतिका, दहावी ब, मागे हटणाऱ्यातली नाही. विचारलं.

त्याने ताडपत्रीवरून ठिबकणारं पाणी हाताने झटकलं आणि वर पाहिलं. भुवईवर एक थेंब तसाच...

"इथेच. पोयसरच्या काठावर. तू?"

पैज एकाच प्रश्नाची होती. पुढचं मी काही ठरवलंच नव्हतं.

त्याचं नाव सुयोग. बारावीला. "म्हणजे नाल्यापलीकडे राहतोस?" मी विचारलं.

"नाला नाही, नदी," तो लगेच म्हणाला. "सगळे एकदा गाळ काढतात, फोटो काढतात, घरी जातात. वर्षभरात पुन्हा तेच. तिला आजारी माणसासारखं बरीच वर्षं सांभाळायला लागेल. आपल्या सेक्टरमधली शंभर घरं दहा वर्षं दर महिन्याला थोडे पैसे द्यायला तयार झाली, तर एक ट्रस्ट बाकीचा खर्च उचलणार आहे. रविवारपर्यंत सह्या हव्यात."

"म्हणजे तू दर महिन्याला आमच्या दारात येणार?"

"तुला चालणार असेल तर..."

माझे कान गरम झाले. "चहा मिळणार नाही."

"पाणी तरी देशील ना?"

मग काय, मी कामालाच लागले. बाबा गणपती मंडळाचे खजिनदार. वर्गणीला मी लहानपणापासून त्यांच्यासोबत फिरलेली, एकेक दार ओळखीचं. मंडळाचं जुनं पावतीपुस्तक उचललं. "काकू, मी श्यामकांतांची मुलगी. नदीची वर्गणी." काकू पर्स उघडायच्या, मी पावती फाडायची. झकास चाललं होतं. पैशांचा डबा भरला.

तो डबा सुयोगसमोर ठेवला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. त्याने झाकण उघडून आत पाहिलं.

"सह्या?"

"पैसे आहेत ना यार."

"श्रुतिका... हे एकदाचे पैसे. ट्रस्ट हे धरणार नाही." त्याने आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं. "काल मी तुमच्या विंगमध्ये गेलो होतो. सगळे म्हणाले, आम्ही दिली वर्गणी. पावत्यापण दाखवल्या."

वर्गणी दिली की माणूस वर्षभर सुटतो – खजिनदाराच्या मुलीला हे कळू नये? सगळी दारं मीच लावून घेतली होती.

"आता?"

"पैसे परत करायचे, मग सही मागायची." तो टेबलावरचं पाणी उगाचच बोटाने पुसत राहिला. "पण लोकांनी ते तुझ्या बाबांकडे बघून दिलेत. तू नको येऊस. मी जातो एकटा."

"तुला कोण दार उघडणार?"

"नाही उघडणार," तो कसनुसा हसला. "पण तुला कोणी बोललेलं... मला नाही ऐकवणार."

वाट लागली होती, आणि तरी मला छातीत काहीतरी हलकं हलकं वाटत होतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला.

"घेतलेली वर्गणी परत? मंडळाने असं कधी केलेलं नाही. लोकांका काय तोंड दाखवू गो मी?" रागावले की बाबा थेट मालवणीत जातात.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि हा सुयोग कोण?"

मी पावतीपुस्तक बाबांसमोर ठेवलं.

"बाबा, तुमच्या नावावर पैसे घेतले, ती चूक माझी आहे. प्रत्येक दारात मी तसंच सांगणार. उद्या शाळा सुटली की तळमजल्यापासून सुरुवात करतेय. तुम्ही नाही म्हणालात तरी." मग मी आईकडे वळले. "सुयोग सोबत असेल. आणि आई... तो मला आवडतो. त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगतेय."