खांबाखालची चौकट

साहेब, सुश्रुतला तुम्ही मारलंत. बिबट्याचं नाव पुढं करू नका.

आणि आता माझ्या मावसबहिणीचा, दिशाचा, जीव टांगणीला लावून तुम्ही केडगावच्या ऑफिसात निवांत बसलात. फोन उचलत नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. राहात्याजवळ, मावशीच्या वस्तीवर, गेल्या मार्गशीर्षात घडलेलं. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं कातरवेळी वस्तीवर यावं.

खांब अजून तिथंच आहे.

वस्ती म्हणजे दोन खोल्या, गोठा आणि तिन्ही बाजूंनी ऊस. मावशी, म्हणजे भीमाबाई, पहाटे अंधारातच धार काढायला गोठ्यात जाते. एकटी. आसपासच्या मळ्यांतनं बिबट्यानं शेळ्या नेल्या, कुत्री नेली, तेव्हा सरकारी योजना आली आणि तुमचे खांब उभे राहिले. वर कॅमेरा आणि भोंगा, खाली खांबाला वेल्ड केलेली लोखंडी पेटी. बिबट्या दिसला की भोंगा वाजणार.

फक्त एक अट. जवळ माणूस दिसला तर भोंगा गप्प राहणार. रानात पाण्याची दारं धरणाऱ्यांमुळं उगाच बोंब नको म्हणून. हा शहाणपणा तुमचाच, साहेब.

कॅमेरा ज्याला ओळखतो त्याच्याभोवती मोबाईलवर चौकट उमटते. बिबट्याला लाल. माणसाला हिरवी.

दिशा तुमच्याच कंत्राटावर होती. गावोगाव जाऊन पेट्या चालू करायच्या. त्यासाठी पेटीत एक फाईल टाकावी लागते, तिला व्हील म्हणतात. प्रोग्रामला लागणारं सगळं साहित्य एका मशीनवर शिजवून त्या फाईलीत बांधतात, मग तशाच दुसऱ्या मशीनवर नुसतं सोडायचं. चुटकीसरशी बसतं. पण आत काय आहे ते माणसाला वाचता येत नाही. ते फक्त यंत्राला कळतं.

तुम्ही पेट्या घेतल्या हलक्या. त्यांच्यासाठी तयार व्हील कुठंच मिळेना. मग ती पेटीवरच शिजवायची, तासन् तास, खांबाखाली बसून. हे काम तुम्ही दिशाबरोबर कंत्राटावर असलेल्या सुश्रुतला दिलंत, दुसऱ्या एका गावात. एकट्याला.

"साहेब, अंधार पडतोय. उद्या करू?" त्यानं फोनवर विचारलं होतं.

"उद्या उद्घाटन आहे," तुम्ही म्हणालात.

बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. हे रानातलं शेंबडं पोरही सांगेल.

सकाळी सुश्रुत उसात सापडला. लॅपटॉप तिथल्या खांबाखाली चालूच होता.

फाईल पूर्ण झाली होती.

आणि तीच फाईल तुम्ही पेनड्राईव्हवर घेऊन दिशाच्या हातात ठेवलीत.

दिशानं ती आईच्या वस्तीवरच्या पेटीत टाकली. खाटेवर बसून मोबाईल उघडला.

खांबाखाली हिरवी चौकट...

तिनं मान वर केली. खांबाखाली कुणी नव्हतं.

"कोन हाय गं तितं?" मावशीनं मोबाईलमध्ये डोकावून विचारलं.

"कुणी नाही, आई."

"मंग हिरवं कशाला दावतंय? पाव्हना असंल तर च्या टाकते."

दिशा हसली नाही. चौकट बुटकी होती. पुढं झुकलेली. मांडीवर काहीतरी घेऊन बसलेल्या माणसाएवढी.

कुत्रं खांबाकडं गेलं, अर्ध्यात थांबलं आणि लांबून वळसा घालून आलं.

दिशानं जाऊन पेटीला कान लावला. पेटीत पंखा नाही, चाक नाही, हलणारं काहीच नाही.

तरी आतून... टक. टक टक. टक.

कुणीतरी बटणं दाबत होतं.

दोन दिवसांनी गोठ्याच्या दारात पंजे उमटले. ताजे. भोंगा वाजला नव्हता. वाजणार कसा? पेटीच्या हिशोबानं तिथं माणूस बसला होता!

दिशानं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "काच पुसून घे." तिनं फोटो पाठवला. "सावली असेल." ती रडली, साहेब. "माझी आई रोज पहाटे तिथनं जाते हो!" तुम्ही म्हणालात, "मग तू बनव नवीन फाईल. इंजिनियर आहेस ना?"

तिनं बनवली.

जेवणवेळेला बसली ती खांबाखाली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मागं चार हातांवर मावशी कोयता घेऊन उभी.

"दिशे, बसू नगं गं. हुबी राहून कर."

"वायर पुरत नाही, आई."

"आग लागो तुझ्या वायरीला. त्या सायबाला बसव म्हनावं हितं, मऊ गादी देते."

ऊन उतरलं. पडद्यावर ओळी धावत होत्या. दिशाला सारखं वाटत होतं की खांद्यावरून कुणीतरी त्या वाचतंय. मागं बघितलं की फक्त ऊस.

एकदा रातकिडे सगळे एकदम थांबले.

मावशीनं कोयता घट्ट धरला. पण काही आलं नाही.

दिवेलागणीला फाईल झाली. दिशानं सुश्रुतची पुसली, स्वतःची टाकली आणि मोबाईल बघितला. हिरवी चौकट एकच. तिच्याच भोवती.

ती खरंच तिथं बसलेली होती. म्हणजे चौकट बरोबर! नसलेला माणूस गेला!

पोर हमसून हमसून रडली, आनंदानं. तेवढ्यात तुमचा फोन आला. "झालं का? पाठव लगेच." तिनं जागेवरूनच फाईल पाठवली. तुम्ही ती तासाभरात गावोगाव पसरवलीत.

दिशा उठली, लॅपटॉप आवरून घरात गेली, चुलीपुढं बसली.

मावशी मोबाईल घेऊन दारातच थांबली होती.

"दिशे... तू हितंच हायेस ना?"

"असं काय विचारतेस?"

मावशीनं मोबाईल तिच्याकडं फिरवला.

खांबाखाली हिरवी चौकट. बसलेली.

"हात वर कर बरं," मावशी पुटपुटली.

दिशानं हात वर केला.

चौकट वर वाढली...

दुसऱ्या दिवशी पहाटे हिरव्या चौकटीशेजारी लाल चौकट आली. सावकाश. भोंगा गप्प. मावशी किटली विसरली म्हणून माघारी फिरली होती, तेवढ्यानं वाचली. कालवड गेली.

तुम्ही रिपोर्टात लिहिलंत, "घटनास्थळी व्यक्ती हजर असल्यामुळे भोंगा वाजला नाही."

कोण व्यक्ती, साहेब?

दोन दिवसांनी राजूरहून गोरक्षचा व्हिडिओ कॉल आला. तिकडच्या पेट्या तो बघतो.

"ताई, नवी फाईल टाकल्यापासनं आमच्या खांबाखाली कोनीतरी बसलंय. दिसत न्हाई, पन चौकट हाय. तुमी काय केलंय त्यात?"

दिशा खाटेवर बसली होती. ती सावकाश उभी राहिली.

"आयला... उठलं!" गोरक्ष ओरडला. "ताई, ते उठलं!"

घाबरून त्यानं तिथल्या तिथं फाईल पुसून टाकली.

इकडं दिशा उभ्या उभ्या कोसळली.

डाव्या पायात जीव नाही तेव्हापासून. सुई टोचली तरी कळत नाही. नगरच्या डॉक्टरांनी सगळे फोटो काढले, म्हणाले पाय चांगला आहे. गोरक्षनं फाईल परत टाकली. चौकट परत आली. पाय आला नाही.

आता कातरवेळ झाली की ती खाटेवर अंग चोरून बसते. मग हळूच म्हणते, "आई, कुत्रं भुंकतंय गं माझ्यावर."

वस्तीवर कुत्रं राहिलेलं नाही. तेही बिबट्यानं नेलं.

कधी म्हणते, "पाणी सोडलंय कुणीतरी, पाय भिजले." पाय कोरडे असतात. कुठल्या गावाचं पाणी, कुठल्या खांबाखालचं कुत्रं, तिला सांगता येत नाही. परवा एकदम मान आखडून म्हणाली, "आई, माझ्या मागं काहीतरी आलंय. मला वळता येत नाही."

मावशी तिला रात्रभर कवटाळून बसली.

आणि पहाटे उठून धार काढायला गेली. न जाऊन करणार काय? भोंगा गप्पच होता. जाताना खांबापाशी थांबली आणि रिकाम्या जागेवर गोधडी टाकली. "थंडी हाय, पोरी," म्हणाली.

मी हे डोळ्यांनी बघितलं.

मावशी म्हणते पेटी फोड. कोयता मी हातात घेतला होता. दिशाकडं बघितलं आणि खाली ठेवला. एका गावात पुसली तर पाय गेला. आमच्या वस्तीवरची पुसली तर काय जाईल? आणि ठेवली तर एक दिवस गोठ्यातनं मावशी परत येणार नाही. दुसऱ्या गावांतही कुणाची तरी आई धार काढायला जातेच ना?

सुश्रुत गेलाच होता. त्याची फाईल पुसल्यावर त्याचं काय झालं, हे विचारायलाही कुणी नाही.

दिशा जिवंत आहे, साहेब.

तुम्ही तिला किती गावांत पाठवलंत? फाईल पुसायची की ठेवायची?

सांगा. फोन उचला आणि सांगा!