घटनेच्या कागदावरचं रफू

उत्तर अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या बायकांनी काढलेल्या गुलामगिरीविरोधी मंडळाची घटना टेमरने एकाच बैठकीत उतरवून काढली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तीनला सह्या होत्या. स्वतःचंच वळणदार अक्षर पाहून बाई खूश झाली. चुलीवर मक्याचा केक फुगत होता, तोही उसाच्या नाही, मेपल झाडाच्या साखरेचा. गुलामांच्या कष्टाचं काहीही वापरायचं नाही, असं तिसरं कलमच होतं.

तेवढ्यात ठिणगी उडाली आणि नेमकी त्याच कलमावर पडली. बोराएवढं भोक! लिननच्या चिंध्यांपासून केलेला हा एकच कागद महिनाभर वाट पाहून मिळाला होता. सुती कागद मंडळाला चालत नव्हता; कापूस गुलामच वेचत.

डोळे पुसत तिने केक उतरवला. वळून पाहते तर भोक नव्हतं.

तिथे पांढऱ्या दोऱ्याचं बारीक रफू होतं. दर सातवा टाका उलटा.

दाराला आतून कडी होती.

ती खोड एकाच बाईची, टेमरच्या आईची. वीस वर्षांपूर्वी टेमर कॅरोलायनाच्या कापसाच्या मळ्यातल्या गुलामीतून पळाली आणि आई मागे राहिली. ती जिवंत आहे की नाही, हेही कधी कळलं नाही.

मंडळाच्या अध्यक्ष केझायामावशी सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांनी रफूवरून बोट फिरवलं.

"अगं, हा दोरा सुती आहे! तिसऱ्या कलमावरच तिसरं कलम मोडलंस? उसव आधी."

"नाही उसवणार, मावशी."

"डोकं फिरलंय का तुझं? घातलं कुणी हे?"

"आईने."

मावशी खुर्ची ओढून बसल्या.

"असू दे मग. कापूस तिनेच वेचला असेल ना? तिच्या हातचा चालेल आपल्याला. केक काप."

अठरा जणींनी सह्या केल्या. केकचा चुराही उरला नाही. इतकी सुखात टेमर कित्येक वर्षांत नव्हती. सगळ्या गेल्यावर तिने कागद उलटला. मागे दोरा लोंबत होता, सुईसकट. त्याला गाठ नव्हती. काम संपल्याशिवाय आई कधी गाठ मारत नसे.

"म्हणजे अजून आहेस तू," टेमर हसून म्हणाली आणि सुई तशीच राहू दिली.

सकाळी शेवटच्या सहीखाली सात टाके होते, सातवा उलटा. आईला लिहिता येत नव्हतं.

सुई कुठेच नव्हती. दोऱ्याला घट्ट गाठ मारलेली होती.