मुद्दाम उडवलेला मॅक्रो

"मॅडम, गेटपास कब मिलेगा?" महादू ड्रायव्हरनं खिडकीतून तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी कीबोर्डवर हात आपटला.

"त्याला मारून काय होणार हाय?"

दारात एक उंच मुलगा उभा होता. खांद्याला बॅग, शर्टावर धूळ... शेजारच्या गोदामातला प्रिंटर दुरुस्त करून निघालेला. भावेश, दिघाशी गावचा. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी फक्त त्याचं हसू दिसलं, आणि मला भयंकर राग आला.

राहनाळच्या आमच्या गोदामात मी एक्सेलमधल्या एका बटणावर गेटपास काढायची. गाडीचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं, पास तयार! पण २००८च्या हिवाळ्यात नवं एक्सेल आलं आणि ते बटण नुसतं शोभेचं उरलं.

भावेश स्टूल ओढून शेजारी बसला. "फाईल सेव्ह करताना हे काहीतरी लांबलचक विचारतं ना? तुम्ही न वाचताच 'यस' दाबता."

"मग?"

"मग मॅक्रो उडतो. म्हणजे बटणामागची सगळी अक्कल."

"माझी अक्कल तरी जागेवर आहे ना?"

"ती... बघावी लागंल," तो म्हणाला. इतक्या गंभीरपणे, की मला हसूच फुटलं.

जुन्या फाईलमधून त्यानं मॅक्रो परत आणला. चारच दिवसांत सवयीनं मी पुन्हा 'यस' दाबलं. तो पुन्हा आला. चहा झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि माऊस घेताना त्याचा हात माझ्या हाताला लागला तो जरा जास्तच वेळ.

त्यानंतर पंधरा दिवस बटण अगदी शहाण्यासारखं चाललं. मला करमेना. शेवटी एका मंगळवारी मी तो लांबलचक प्रश्न पहिल्यांदाच नीट वाचला – आणि 'यस' दाबलं.

भावेश आला. पण त्याच्याआधी आमचे मालक केसरीनाथभाऊ येऊन बसले होते.

"तिसऱ्यांदा बिघडलं? या पोराला काय येत न्हाय. आज शेवटचं. उद्यापासून ठाण्याचा माणूस बोलवू."

भावेशचे कान लाल झाले. तो खाली मान घालून बॅग उघडू लागला. माझ्या हौसेपायी त्याचं नाव खराब होत होतं!

"भाऊ, त्याची चूक नाही," मी बोलून गेले. "मीच उडवला मॅक्रो... मुद्दाम."

"मुद्दाम? कशाला गो?"

माझी नजर भावेशकडे गेली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग भावेशकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसत गाड्या बघायला निघून गेले.

भावेश स्क्रीनकडे वळला. "ही 'चालू' नावाची फाईल कसली?"

"चांगली कॉपी. गाड्या थांबू नयेत म्हणून आधीच ठेवली होती."

"म्हणजे... माझी गरज नव्हतीच."

"होती," मी म्हटलं. "खूप होती."

त्यानं उघडलेली बॅग पुन्हा बंद केली. "क्षितिजा, एक सेटिंग हाय. ते बदललं की मॅक्रो उडतच न्हाय. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग बदललं का नाही?"

"पुन्हा यायचं होतं."

एवढं बोलून त्यानं माऊस हातात घेतला आणि ते सेटिंग बदलून टाकलं. मी त्याच्या हातातून माऊस काढून घेतला. "आता कशाला बदललंस?"

"आता काही न बिघडता यायचंय. रविवारी, आईला घेऊन... तुझ्या घरी. चालंल?"

बाहेर महादूनं हॉर्न दाबला. मी 'चालू' फाईल उघडून गाडीचा नंबर टाकला, बटण दाबलं. पास झरझर निघाला.

"बाबा दुपारी झोपतात," पास फाडता फाडता मी म्हटलं. "चारनंतर या."