आत्या हरवली तो दिवस

"तुमच्या आत्यांनी माझे बाबा पळवलेत."

मी दचकून वळले. चीज बनवणाऱ्यांच्या त्या थंडगार तळघरात, फळ्यांवर रचलेल्या चीजच्या पिवळ्या चाकांसमोर तो उभा होता. सकाळी बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर बसलेला. हातात चीजचा तुकडा आणि चेहऱ्यावर हसू.

"माझी आत्या कुणाला पळवत नाही. हात धुवायला गेलीय."

"मघापासून? एवढे हात आहेत तरी किती त्यांना?"

मी धावतच वर आले. नळावर कुणी नाही. अंगणात नाही. बसमध्ये पाहिलं, तर सीटवर आत्याचा मोबाइल तेवढा पडलेला... आणि तिच्या शुगरच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये!

आई गेल्यापासून आत्यानंच मला वाढवलं. आता तिची साठी उलटली, तशी मीच तिची आई झाले होते. तिचं पथ्य, तिची झोप, तिच्या चपला घसरतात का, सगळं मी बघायचे. गावोगाव फिरत तिथलं खायचं-प्यायचं, ही आजची सहल तिचाच हट्ट. मी आले होते ती पहाऱ्याला.

"बस संध्याकाळी नदीकाठच्या सफरचंदांच्या बागेतून सुटेल," गाईडबाई शांतपणे म्हणाल्या. "नदीकडे जाणारी वाट एकच आहे. कुठे जाणार त्या?"

"चला," तो म्हणाला. "काळजी तुम्ही करा, रस्ता मी बघतो. कामाची वाटणी."

मी भराभर चालत होते. तो मात्र रमतगमत, मध्येच थांबून कुंपणावरची फुलं बघत. भुरभुर पाऊस येऊन गेला होता. वाटेवर ओल्या गवताचा वास...

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पाव भाजल्याचा वास येतोय असं वाटतं."

वळणावर खरोखरच भटारखाना होता. पिठानं पांढऱ्या झालेल्या बेकरला मी आत्याचं वर्णन सांगू लागले, तर तो मध्येच म्हणाला, "माझ्या पावात मीठ कमी आहे म्हणाल्या, त्याच ना?"

"त्याच!"

"बरोबरचे गृहस्थ लगेच म्हणाले, अगदी खरं. त्यांनी तर अजून तुकडाही मोडला नव्हता."

लिफ्टवाल्यानं (तो लिफ्ट दुरुस्त करतो, हे मला एव्हाना चालता चालता कळलं होतं) चमकून बेकरकडे पाहिलं. "माझे बाबा? आई गेल्यापासून घरात 'हो' आणि 'नको', एवढंच बोलतात ते."

त्यानं गरम पाव मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"मला भूक नाही."

"तुमच्या पोटाला विचारा. आत्ताच ओरडलं."

मी खाल्ला. लोणी वितळून मनगटापर्यंत ओघळलं. त्यानं पाहिलं... आणि घाईनं दुसरीकडे पाहिलं. मला उगाचच पर्सचा पट्टा नीट करावासा वाटला.

"तुम्ही काय करता?"

"कवळ्या बनवते."

त्यानं पटकन तोंड मिटलं. "आता तुमच्यासमोर हसायचं कसं?"

"हसा. पुढचा एक वाकडा आहे, पण..."

"पण?"

"पण काही नाही. चला."

पुढे मधाच्या पेट्यांपाशी एक म्हातारी बसली होती. माझा जीव पुन्हा टांगणीला. "आजी, त्या बाईंनी मध खाल्ला?"

"चमचाभर. मग कमरेच्या बटव्यातून गोळी काढून घेतली. म्हणाल्या, भाचीला वाटतं मला काही कळत नाही."

म्हणजे तिच्याकडे गोळ्या होत्या. होत्याच. मला हायसं वाटायला हवं होतं. पण डोळे भरून आले. पहारा संपला की पहारेकऱ्यानं जायचं कुठे?

तो माझ्याबरोबर कुंपणाला टेकून उभा राहिला, एवढंच. म्हणूनच असेल, कुणाला सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं. दुसऱ्या शहरातल्या दातांच्या कॉलेजात शिकवायची नोकरी आलीय, उद्या कळवायचंय, मी नाही म्हणणार आहे.

"का?"

"आत्या एकटी पडेल."

"त्यांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय!"

"हं," तो म्हणाला. "मीही बाबांना कधी विचारलं नाही."

ती दोघं नदीकाठी सापडली. पाण्यात पाय सोडून बसलेली, मध्ये सफरचंदाच्या रसाची बाटली. आत्याचे केस सुटलेले. इतकी मोकळी मी तिला कधी पाहिलीच नव्हती.

"आत्या! जिवाला घोर लावलास नुसता! सांगून जाता येत नाही?"

"सांगितलं असतं तर आली असतीस मागे."

"आलेच ना!"

"हो, पण उशिरा आलीस. बरं झालं." तिनं शेजारी हात थोपटला. "बस. आम्ही रोज आपल्या घराजवळच्या बागेत फिरताना भेटतो. वर्ष होत आलं."

"बाबा?" लिफ्टवाला बघतच राहिला. "मग घरी तोंडातून शब्द निघत नाही तो?"

"बोलायचं सगळं बागेतच संपतं रे," त्याचे बाबा पाण्याकडे बघत पुटपुटले.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू यांचंही पथ्य ठरवलं असतंस." आत्या हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "त्या कॉलेजाचा फोन मीच घेतला होता. तू कधी सांगतेस, वाट बघत होते. माझ्यासाठी नाही म्हणालीस ना, तर मी जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही. मी एकटी नाहीये. बघ नीट."

मी पाहिलं. त्याच्या बाबांनी तिच्या चपला पाण्यापासून लांब, कोरड्या दगडावर ठेवल्या होत्या.

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हटलं, "जाते."

परतताना ती दोघं एका सीटवर बसली. मला त्याच्या शेजारी बसावं लागलं. म्हणजे, जागा बऱ्याच होत्या, पण बसले. बस सुटली. दिवसभर बडबडणारा हा माणूस आता खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याचा पाय सारखा हलत होता.

"कधी जाणार?"

"पुढच्या महिन्यात."

"हं."

शेतं मागे पडत होती. एवढ्यात दिवस संपला? सकाळी मला कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. आता वाटत होतं, एखादं टायर पंक्चर व्हावं...

"एक नातं जुळवून बघत होतो," तो हळूच म्हणाला. "या दोघांचं लग्न झालं, तर मी तुझा कोण?"

तुझा! दिवसभरात पहिल्यांदा.

"आतेभाऊ," मी म्हणाले. "सख्खा नाही."

"सख्खा नाही," त्यानं पटकन मान डोलावली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आणि... आतेभावाशी लग्न... म्हणजे आत्ता लगेच नाही. आधी मी तुझ्या शहरात येईन, वारंवार येईन, तू कंटाळेपर्यंत... पण चालतं ना?"

वळण आलं. माझा खांदा त्याच्या खांद्याला लागला. वळण संपलं, तरी मी तो काढला नाही. पुढच्या सीटवरची कुजबुज एकाएकी थांबली होती.

"चालतं," मी अगदी हळू म्हणाले.

"जरा मोठ्यानं बोल गं," पुढून आत्याचा आवाज आला. "यांना कमी ऐकू येतं!"