गळ्यातलं हळकुंड

आमचा शंतनु हल्ली घरात असा फिरतो, जसं काही मी गेले आणि ह्याला सुतक लागलं. दाढी वाढलेली, ताटात नुसता हात फिरवायचा, काही बोललं की "हं". अरे मेल्या, तुझी आई अजून लालबागच्या बाजारात कोळणीशी भांडून सरंगा आणतेय! सुतक माझं नाहीच त्याला. त्या पोरीचं आहे.

पोरगी म्हणजे रोशेल. परळच्या एका इस्पितळात एमआरआयचं मशीन चालवते. माझी पाठ धरली म्हणून शंतनु मला तिथे घेऊन गेला, तेव्हाची पहिली भेट. म्हणाली, "आंटी, अंगावरचं सगळं काढायचं. मंगळसूत्र पण."

"नवरा जिवंत आहे माझा. गळा रिकामा करणार नाही. बंद ठेव तुझं मशीन."

तिने वाद घातला नाही. खिशातून पिवळा दोरा काढला, त्यात हळकुंड बांधलेलं. "आधी हे गळ्यात घालते. मग ते काढू."

खोताच्या वाडीतली किरिस्ताव मुलगी, आणि सवाष्णीचा गळा कसा राखायचा ते हिला ठाऊक! मी गुमान मान वाकवली. दारात शंतनु, माझ्या बांगड्या रुमालात धरून, बघतच राहिला.

"हे... सगळ्यांना देता?"

"भांडतात त्यांना."

"आणि आम्ही गरीब बिचारे?"

"तुमी बाहेर बसा. खिशात चाव्या आहेत, मशीन खेचून घेईल."

"मशीनच ना?"

ती हसली नाही. पण कान लाल झाले — मी पाहिले.

माझ्या मणक्याची झीज निघाली आणि ह्याचं परळला जाणं सुरू झालं. आज रिपोर्ट विसरला, उद्या रुमाल. मग ती घरी यायला लागली. माझं कोलंबीचं कालवण खाल्लं, वर भात मागून घेतला. मी टोमणे मारले, तेही तिने भाताबरोबर गिळले. पोरगी मला आवडली. बोलले नाही.

पाठ काही थांबेना. पुन्हा मशीन. दोरा बांधायला तीच. मी बाहेर आले तर मंगळसूत्राचा हूक तिच्याकडून लागेना. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिने हुकाकडे. मी समजले. विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तिने शंतनुला इराण्याकडे चहा पाजला, हसवलं. "काय दिसलं फोटोत?" त्याने विचारलं, तर म्हणे, "डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर. मणक्यापर्यंत पोचलेला.

त्या दिवशी पावसाची नुसती रिपरिप. आमच्या गॅलरीत हा तिच्यावर तुटून पडला. "तुला माहीत होतं! आणि माझ्यासमोर बसून मस्का-पाव खात होतीस?"

"मला फोटो दिसतो, शंतनु... निकाल द्यायचं काम माझं नाय. चुकले असते तर?"

"चुकलीस का?"

ती तशीच भिजत जिना उतरली. छत्री आमच्या दाराला टांगलेली राहिली.

काल शंतनुच्या वडलांबरोबर पुन्हा मशीनला गेले. रोशेलचे डोळे सुजलेले. दोरा बांधताना एवढंच विचारलं, "जेवतो ना तो?"

आज शंतनुपुढचं भरलं ताट मी उचललं आणि ती छत्री त्याच्या मांडीवर टाकली.

"ऐक. त्या संध्याकाळी तू इराण्याकडून शीळ घालत घरी आलास. मला बोंबील तळायला लावलेस, बापाशी पत्ते कुटलेस. ह्या घरातली ती शेवटची हसती रात्र. ती त्या पोरीने दिली आपल्याला, माझं मरण एकटीने पोटात ठेवून. आणि तू तिलाच दोष देतोस? मूर्ख आहेस. जा, छत्री दे, आणि तिला घेऊन ये. हे मंगळसूत्र आता कायमचं उतरेल, तेव्हा मला तिचेच हात हवेत. परक्या बाईला मी माझ्या गळ्याला हात लावू देणार नाही."