खाडीच्या तोंडाशी लावलेले दिवे

पनवेलच्या बाजारात चिंबोऱ्या-खेकडे विकून गुणाबाई घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तरीही आभाळ खाडीवर इतकं खाली उतरलं होतं की पलीकडची तिवरांची झाडी दिसेनाशी झाली होती. पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. पाटी ओट्यावर ठेवून तिने नवऱ्याला हाक मारली, "अवं, आलाव काय?"

घर रिकामं होतं. विठू दुपारी जाळं ओढायला गेला होता, तो अजून परतला नव्हता.

अशा वेळी काय करायचं, हे त्या पाड्यावरच्या बायकांना लहानपणापासून ठाऊक. खाडीच्या तोंडाशी होडीची वाट अरुंद, आणि दोन्ही अंगांना खडक. वाटेच्या दुतर्फा खुंट ठोकलेले. होडी उशिरा येणार असली की घरच्या बाईने खुंटाखुंटावर दिवा टांगायचा. दोन ओळींच्या मधून होडी सरळ धक्क्याला लागते. पूर्वी कंदील असत. आता बाजारातले पांढरेफेक बॅटरीचे दिवे आले होते.

ते दिवेच गेल्या महिन्यात नडले. अशाच पावसात विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेचं एक छोटं विमान वाट चुकलं. ढगातून खाली येताच त्याला धावपट्टीसारखे दोन ओळींत मांडलेले दिवे दिसले, आणि ते नेमकं त्यांच्या मधोमध उतरलं. शिकवणारे साहेब आणि शिकणारी अनुष्का नावाची मुलगी, दोघंही गेली. हवामान खराब होतं, असं पोलीस म्हणाले. दिव्यांचं नाव कुणी काढलं नाही. पण त्या दिवसापासून खुंट रिकामे होते.

गुणाबाईने पिशवीत दिवे भरले. शेजारची आशालता दारातच आडवी आली.

"येडी झालीस काय गं? नको लावू. ती दोघं परत उतरतील."

"मंग माजा मानूस खडकावर फुटू दे?"

"फोन लाव ना त्याला."

"लागत नाय. तुला भ्याव वाटतंय तर जा, टीवी बघत बस."

आशालता पुटपुटत बरोबर आली. दोघींनी मिळून दिवे टांगले आणि धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने वर, ढगात, घरघर सुरू झाली. ती जवळ आली, अगदी दिव्यांच्या वर आली, आणि मधेच तुटली. बेडूकही गप्प झाले. पेट्रोलचा उग्र दर्प वाऱ्याबरोबर अंगावर आला.

"गुणा... ऐकलंस?"

"ट्रक असंल... कळंबोलीच्या रस्त्यावरचा..."

डोक्यावरून ट्रक जात नाही, हे दोघींनाही कळत होतं.

"विठूभाव, हिकडं!" आशालता ओरडली.

दिव्यांच्या मधून होडी आली. विठूचीच होडी. वल्ह्याचा आवाज नव्हता, आणि ओझ्याने बसल्यासारखं पाणी तिच्या काठाला टेकलं होतं. पुढे रेनकोटाची टोपी ओढून एकच माणूस बसला होता.

"जीव टांगनीला लावलाव नुसता! चला घरला, मंग बघते तुमाला."

गुणाबाईने हात देऊन त्याला वर घेतलं. हात बर्फासारखा गार होता. पावसाने असेल, असं तिला वाटलं.

"मासली लय गावली काय, होडी एवढी बसलीय ती?" म्हणत आशालताने बॅटरी मारली. "गुणा... होडीत कायपन नाय गं..."

दोघींच्या डोळ्यांदेखत होडी एका अंगाला कलली आणि वर उचलली गेली. कुणी उतरल्यावर उचलते, तशी.

आशालता धावली. तिने पहिला दिवा विझवला, दुसरा विझवला.

"काकू, विझवू नका ना..." रेनकोटाच्या टोपीतून गुणाबाईच्या कानाशी आवाज आला. हळू, शहरातल्या मुलीचा. "होडीवाले काका अजून मागे आहेत... पाण्यात."

गुणाबाईने शेजारी पाहिलं नाही. मुठीतला हात तिने हळूच सोडवायचा प्रयत्न केला. तो सुटेना.

"आशे... लाव... परत लाव ते दिवे..."

दिवे पुन्हा लागले. त्या दोन ओळींच्या मधून कुणीतरी पाण्यातून चालत येत होतं, एकेक पाऊल टाकत, कमरेइतक्या पाण्यातून यावं तसं.

तिथे खाडी दोन पुरुष खोल होती.