शेजारच्या सीटचा ब्रेक

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. मला कोणाची समजूत काढायची हौस नाही.

रविवार होता. उन्हं उतरत होती. गोदामांच्या मागचा सरळ, रुंद रस्ता. सुट्टीच्या दिवशी तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

गाडीत आम्ही मायलेकी दोघीच.

म्हणजे मला तसं वाटत होतं...

थांबा, असं नको. आधी गाडीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ही माझ्या नवऱ्याची गाडी. तो गाडी चालवायला शिकवायचा. अर्धं शहर त्याच्याकडे शिकलं. सगळे त्याला मास्तर म्हणत. तो होता तोवर मीही त्याला अहो-जाहो करायची. आता नाही करत.

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारा चुकला, की शिकवणाऱ्याने दाबायचे. आमच्या गाडीत दोन्हीकडचे ब्रेक एका लोखंडी दांडीने जोडलेले होते. एकीकडे दाबला की दुसरीकडचा आपोआप खाली.

मास्तरने सगळ्यांना शिकवलं. बायकोला नाही. "तुझे हात कापतात," म्हणायचा.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तान्ह्या बाळाची शीर मला एका टोचण्यात सापडते. आणि माझे हात कापतात.

लेकीने हट्ट धरला, तर तिला म्हणाला, "घरात एक ड्रायव्हर पुरे."

मग तो गेला. झोपेत. आयुष्यात पहिल्यांदाच काही वाद न घालता.

मी दुसरीकडे जाऊन गाडी शिकले. लायसन काढलं. लेकीला मीच शिकवायचं ठरवलं. तिला आम्ही ठकी म्हणतो. नुकतीच अठराची झाली होती. कुठे जायचं तर कोणाच्या मिनतवाऱ्या करत तिने बसू नये, एवढंच मला हवं होतं.

तर तो रविवार.

ठकीने पहिला गिअर टाकला. दुसरा. तिसरा...

कचकन ब्रेक लागला.

"आई, दाबू नकोस ना."

"मी कुठे दाबला? तूच दाबलास."

"माझा पाय ॲक्सिलरेटरवर आहे."

"मग माझा काय डिकीत आहे?"

पुन्हा चालू. पहिला, दुसरा, तिसरा...

पुन्हा ब्रेक.

तिला तिच्या बाजूचा ब्रेक खाली गेलेला दिसायचा, मला माझ्या बाजूचा. ती म्हणायची मी दाबला, मी म्हणायची तिने. भर रस्त्यात घसा बसेपर्यंत भांडलो.

"तू अगदी बाबांसारखी करतेस," ती म्हणाली.

ते झोंबलं.

मी दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले. "हे बघ. आता चालव."

पहिला.

दुसरा.

तिसरा...

माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पुढ्यातला ब्रेक खाली गेला.

घाईने नाही. सरावलेल्या पायाने दाबावा, तसा.

पेडलच्या रबरावर धूळ होती. ती पुसली गेली. अंगठ्याएवढ्या जागेत. मास्तर शिकवताना चपला काढून बसायचा.

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. सगळं शांत.

आणि मग आवाज आला...

"च्च."

शिकणारा चुकला की तो काढायचा, तो आवाज. मागून नाही. बाहेरून नाही. माझ्याच सीटवरून. मी बसले होते, त्याच जागेवरून.

इथे मी घाबरले असं लिहायला हवं. मी घाबरले नाही. माझं डोकं फिरलं.

"ऊठ," मी म्हणाले. "ऊठ माझ्या जागेवरून. होतास तोवर मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीस. आता पोरीला आडवा येतोस? लाज नाही वाटत, मेल्या?"

शिवी म्हणून म्हणाले. मग लक्षात आलं, की खरंच मेलेला आहे.

ठकी खुदकन हसली. मग तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली.

"ही दांडी काप. शेजारचे पेडल काढून टाक."

"राहू द्या की, काकू. पोरगी नवीन आहे. वेळेला उपयोगी पडेल."

"काढ म्हटलं ना."

त्याने काढले. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. ठकी परीक्षेत पास झाली. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, कोणाकडे शिकलीस. ती म्हणाली, आईकडे. हे ऐकून मला जे वाटलं, ते इथे लिहिणार नाही. ते माझं आहे.

मग ती पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेली.

मी स्वयंपाकघरात टेबलाशी लसूण सोलत बसले होते.

माझा उजवा पाय फरशीवर दाबला गेला...

कचकन. पोटरीत गोळा येईपर्यंत. उचलायला गेले, उचलेना. टाच जणू फरशीत रुतली होती.

आणि माझ्या तोंडून, मी काही बोलले नसताना...

"च्च."

ठकी आली ती पांढरीफटक पडून. "आई, पुलावर गाडी एकदम थांबली. मी ब्रेक दाबलाच नव्हता. मागे टेम्पो होता. थोडक्यात वाचले."

मी पाणी दिलं. म्हणाले, नवीन आहेस, पाय चुकून पडला असेल.

खोटं बोलले. खरं सांगितलं तर ती गाडी सोडून देईल, आणि त्याला नेमकं तेच हवं आहे. नाही सांगितलं, तर पुढच्या वेळी तो टेम्पो...

आत्ता ती गाडी घेऊन गेली आहे. यायची आहे अजून. मी पलंगावर मांडी ठोकून बसले आहे, उजवा पाय डाव्याखाली दाबून. त्याला जमिनीवर टेकू द्यायचा नाही, एवढंच मला सुचलं आहे.

ऐकतोयस ना, मास्तर? पाय माझा आहे.

कधीची अशीच बसले आहे. पाय पार बधिर झाला आहे. चिमटा काढला तरी कळत नाही.

बधिर पाय हलत नाही.

हा हलतो आहे...